पंचावन्न सेल, दोन तारा

भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या मार्गाने नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्थानकांत प्रवाशांच्या सहसा दृष्टीस न पडणाऱ्या दोन खोल्या असतात. पहिली रिले रूम. तिला दुहेरी कुलूप असते आणि एक किल्ली स्टेशन मास्तरकडे व दुसरी सिग्नल विभागाच्या कर्मचाऱ्याकडे असल्यामुळे दोघांच्या संमतीशिवाय ती उघडता येत नाही. दुसरी बॅटरी रूम. तिथे मांडणीवर प्रत्येकी सुमारे २ व्होल्टचे ५५ सेल एकापुढे एक जोडून ११० व्होल्टचा संच उभा केलेला असतो, आणि बाहेरची लाइन गेली तरी सिग्नल विझू नयेत, रुळांचे सांधे फिरवणारी मोटर मध्येच थांबू नये, ही जबाबदारी त्या संचावर असते. रेल्वेच्या सुरक्षिततेची चर्चा निघाली की इंजिन, रूळ आणि चालक यांची नावे येतात. या ५५ सेलांपैकी ३७ वा सेल आज कसा आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि विचारला तरी चार्जरच्या काट्याकडे पाहून त्याचे उत्तर मिळत नाही, कारण तो काटा ५५ जणांची मिळून एकच बेरीज दाखवतो.

असे बॅटरी-संच वऱ्हाडात जागोजागी आहेत. अकोला जिल्ह्यात पारस येथे महानिर्मितीचे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन जनित्रसंच आहेत. अशा औष्णिक केंद्रात सगळा वीजपुरवठा एकदम बंद पडण्याची वेळ आलीच, तर मिनिटाला ३००० फेरे घेणारे टर्बाइन थांबेपर्यंत त्याच्या बेअरिंगना तेल पोचवणारा शेवटचा पंप बॅटरीवर चालतो. मोठ्या उपकेंद्रांत ११० किंवा २२० व्होल्टचा संच असतो तो दिवे लावण्यासाठी नव्हे, तर वाहिनीवर बिघाड झाला की ब्रेकर उघडण्यासाठी. बिघाडाच्या क्षणी वाहिनीचे व्होल्टेज कोसळलेले असते आणि नेमका त्याच क्षणी ब्रेकर चालवायचा असतो, म्हणून त्याची शक्ती त्याच वाहिनीतून घेऊन भागत नाही. दूरध्वनी केंद्रे व मोबाइलचे टॉवर ४८ व्होल्टवर, म्हणजे शिशाचे २४ सेल जोडून चालतात, आणि मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरी गावांत पावसाळ्यात लाइन लांबली की गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क किती तास टिकेल हे त्या २४ सेलांच्या प्रकृतीवर ठरते. याखेरीज भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी शिरलेले इन्व्हर्टर आहेत, चार-पाच बॅटऱ्यांवर धावणाऱ्या ई-रिक्षा आहेत, कपाशीवर फवारणी करणारे बॅटरी पंप आहेत. पण एकच बॅटरी असेल तर तिची काळजी घेणे सोपे असते, आणि खरा प्रश्न अनेक बॅटऱ्या एकत्र आल्यावरच उभा राहतो.

एका सेलचे धन टोक पुढच्याच्या ऋण टोकाला जोडत जाणे म्हणजे एकसर जोडणी. हीत व्होल्टेजांची बेरीज होते, पण विद्युतप्रवाह सगळ्यांतून एकच वाहतो, आणि म्हणून सर्वांत दुबळा सेल ज्या क्षणी थकतो त्याच क्षणी संपूर्ण संच निकामी ठरतो, मग बाकीच्या ५४ सेलांत कितीही ऊर्जा शिल्लक असो. या दुबळ्या सेलचे दुखणे झाकून ठेवण्याचे काम चार्जर इमानाने करतो. हवाबंद शिसे-आम्ल सेल पूर्ण भरल्यानंतर तो तसाच भरलेला राहावा म्हणून त्याला साधारण २.२५ व्होल्ट देत राहतात. याला फ्लोट चार्जिंग म्हणतात, आणि ५५ सेलांसाठी ते १२३.७५ व्होल्ट होते. समजा, त्यांतील एक सेल आतून बिघडला आणि त्याचे व्होल्टेज १.१७ इतके खाली आले. चार्जर एकूण बेरीज धरून ठेवणारा असल्यामुळे उरलेले ५४ सेल प्रत्येकी २.२७ व्होल्टवर जातात. ५४ गुणिले २.२७ म्हणजे १२२.५८, त्यात १.१७ मिळवले की पुन्हा तेच १२३.७५. चार्जरचा काटा तसूभरही हलत नाही. एक सेल जवळपास संपलेला आहे, इतर ५४ गरजेपेक्षा जास्त भरले जाऊन हळूहळू झिजत आहेत, आणि नोंदवहीत मात्र 'व्होल्टेज ठीक' असा शेरा पडतो. पुढे लाइन जाऊन संच खरोखर कामाला लागला की या रिकाम्या सेलमधून बाकीचे सेल जबरदस्तीने प्रवाह ढकलतात, त्याची टोके उलटी होतात, तो तापतो, आणि जो संच काही तास चालेल म्हणून गृहीत धरला होता तो काही मिनिटांत बसतो.

वऱ्हाडातील उन्हाळा या प्रक्रियेला वेग देतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाणे नवलाचे नाही. मे २०२४ मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाने तिथे कलम १४४ लागू केले होते. भारतीय मानकांत बॅटरीची क्षमता २७ अंश तापमानाला मोजलेली असते, आणि त्यापुढे दर ८ ते १० अंशांमागे शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते, असा या व्यवसायातला ठोकताळा आहे. तापमान वाढले की चार्जिंगचे व्होल्टेजही कमी करावे लागते, दर सेलला दर अंशामागे सुमारे ३ मिलिव्होल्ट. म्हणजे बॅटरी रूममध्ये ४५ अंश असताना ५५ सेलांच्या संचाला १२३.७५ ऐवजी १२०.८ व्होल्टच्या आसपास द्यायला हवेत. ज्या चार्जरला तापमानाची जाणीव नाही तो मे महिन्यातही जानेवारीचाच आकडा देत राहतो, आणि सेलांतले पाणी उडून जाते. पाच वर्षे टिकेल म्हणून घेतलेली बॅटरी तिसऱ्या उन्हाळ्यात का गेली, याचा शोध घेताना कंपनीला बोल लावला जातो. तो दर वेळी योग्य असतोच असे नाही.

या सगळ्यावर जुना आणि आजही चालू असलेला उपाय म्हणजे माणूस. देखभाल करणारा कर्मचारी ठरलेल्या दिवशी मल्टिमीटर व हायड्रोमीटर घेऊन येतो, एकेका सेलचे व्होल्टेज आणि, सेल हवाबंद नसेल तर, आतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहतो, टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी पूड गरम पाण्याने धुऊन तिथे पेट्रोलियम जेली लावतो, हवाबंद नसलेल्या सेलांत डिस्टिल्ड वॉटर घालतो आणि सेलच्या क्रमांकासमोर आकडे लिहितो. ही पद्धत वाईट नाही. डोळ्यांना दिसणारी फुगलेली भिंत, नाकाला जाणवणारा आम्लाचा वास आणि बोटाला लागणारा सैल नट कोणताही संगणक ओळखत नाही, आणि जिथे संगणक बसवला म्हणून ही फेरी बंद केली जाते तिथे नुकसानच होते. पण माणसाची नोंद दोन भेटींच्या मधल्या काळाबद्दल काही सांगत नाही, आणि मुख्य म्हणजे ती बहुधा बॅटरी आरामात असताना घेतलेली असते. रात्री अडीचला लाइन गेली, संच चाळीस मिनिटे चालला, त्या चाळीस मिनिटांत १२ वा आणि ३७ वा सेल इतरांच्या आधी खाली घसरले, ही खरी उपयोगी माहिती. ती टिपायला त्या वेळी तिथे कोणीतरी जागे असावे लागते. हे जागे राहण्याचे काम तारेने बॅटरीला जोडलेला संगणक करू शकतो.

बॅटरी आणि तारेवरून क्रमाने जाणारा संदेश यांची गाठ वऱ्हाडात संगणकाच्या कितीतरी आधी पडली आहे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि रुळांच्या कडेने तारायंत्राचे खांब आले. त्या तारेतून लहान-मोठे ठोके एकामागून एक जात, आणि त्यांना लागणारी वीज तारघरात मांडलेल्या सेलांच्या रांगेतून येई. सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिचे मूळ तत्त्व आजच्या सिरियल, म्हणजे क्रमिक संदेशवहनात जसेच्या तसे आहे. संगणकातील माहिती शून्य आणि एक या दोनच चिन्हांची, म्हणजे बिटांची असते आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. आठ तारांवरून आठही बिट एकाच वेळी पाठवता येतात, पण लांब अंतरासाठी ते खर्चिक पडते. त्याऐवजी एकाच वाटेवरून एकेक बिट ओळीने पाठवला तर दोन-तीन तारांत काम भागते. बाइट सुरू झाल्याची खूण म्हणून आधी एक बिट आणि संपल्याची खूण म्हणून शेवटी एक बिट जोडतात, त्यामुळे दर बाइटला दहा बिट लागतात, आणि सेकंदाला ९६०० बिट हा अतिशय सामान्य वेग धरला तर सेकंदाला ९६० बाइट जातात. चित्रफितीसाठी हा वेग हास्यास्पद आहे, बॅटरीच्या व्होल्टेजसाठी गरजेपेक्षा जास्त आहे.

संगणकाच्या मागे पूर्वी नऊ पिनांचे जे सॉकेट असे ते आरएस-२३२ या १९६० च्या दशकातील मानकाचे. त्यात संदेशाची तार आणि ग्राउंडची तार यांच्यामधील व्होल्टेज मोजून बिट ओळखला जातो, एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला एकच यंत्र जोडता येते, आणि अंतराची मर्यादा साधारण १५ मीटर मानली जाते. एका बॅटरीसाठी ते पुरते. सोळा बॅटऱ्यांसाठी सोळा सॉकेट कुठून आणायचे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर १९८३ च्या आरएस-४८५ या मानकाने दिले. यात एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात, त्यांना ए आणि बी म्हणतात, आणि ग्राउंडच्या तुलनेत व्होल्टेज न पाहता ए व बी यांच्यामधील फरक पाहिला जातो, तो ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असला की तो कोणत्या दिशेने आहे यावरून बिट ठरतो. बॅटरी रूममध्ये शेजारी चार्जरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असतो आणि त्याचा त्रास तारांना होतोच, पण पिळलेल्या असल्यामुळे तो दोघींना सारखाच होतो आणि वजाबाकीत निघून जातो. या जोडीवर प्रमाणित ३२ यंत्रे बसू शकतात आणि कमी वेगात तार १२०० मीटरपर्यंत नेता येते, मात्र ती एका बॅटरीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे अशी सलग गेली पाहिजे आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावला पाहिजे. नाहीतर टोकाशी पोचलेला संकेत उलट फिरून पुढच्या बिटात मिसळतो. मधूनच चारी दिशांना फाटे फोडले की ही व्यवस्था कधी चालते, कधी चालत नाही, आणि कधी चालणारी व्यवस्था ही कायम बंद असलेल्या व्यवस्थेपेक्षा देखभाल करणाऱ्याला जास्त छळते.

तार सर्वांची एकच असल्यामुळे एका वेळी एकानेच बोलायचे, ही शिस्त आवश्यक ठरते. ती शिस्त म्हणजे नियमावली, प्रोटोकॉल. कारखान्यांतील नियंत्रकांसाठी मोडिकॉन या अमेरिकी कंपनीने १९७९ मध्ये काढलेला मॉडबस हा प्रोटोकॉल आज जगभर रुजलेला आहे आणि बॅटऱ्यांच्या बाबतीतही तोच बहुतेक ठिकाणी भेटतो. त्यात प्रत्येक यंत्राला १ ते २४७ यांपैकी एक क्रमांक दिलेला असतो आणि संगणकाने विचारल्याशिवाय कोणीही बोलत नाही. पाचव्या क्रमांकाच्या लिथियम बॅटरीला तिच्या १६ सेलांची व्होल्टेज विचारायची असतील, तर संगणक आठ बाइटांचा प्रश्न पाठवतो: पहिला बाइट ५, म्हणजे कोणाला, दुसरा ३, म्हणजे 'वाचून सांग', पुढचे दोन कुठल्या खान्यापासून (रजिस्टरपासून), त्यापुढचे दोन किती खाने, इथे १६, आणि शेवटचे दोन पडताळणीचे, जे आधीच्या सहा बाइटांवर गणित करून काढलेले असतात. सगळ्याच बॅटऱ्या हा प्रश्न ऐकतात, पण उत्तर फक्त पाचवी देते. तिच्या ३७ बाइटांच्या उत्तरात एका सेलसाठी दोन बाइट असतात. समजा ते १२ आणि २१५ आले, तर १२ गुणिले २५६ अधिक २१५ म्हणजे ३२८७ मिलिव्होल्ट, अर्थात ३.२८७ व्होल्ट. प्रश्न आणि उत्तर मिळून ४५ बाइटांना पन्नासेक मिलिसेकंद लागतात. बॅटरीने विचार करायला आणखी तितकाच वेळ घेतला असे धरले, तरी सोळा बॅटऱ्यांची, म्हणजे २५६ सेलांची एक फेरी दोन सेकंदांच्या आत पुरी होते.

प्रत्यक्षात मात्र पहिल्या दिवशी हे सहसा चालत नाही. कारखान्यातून येताना प्रत्येक बॅटरीचा क्रमांक बहुधा १ असतो. तो बॅटरीच्या दर्शनी भागावरील डिप स्विच नावाच्या चिमुकल्या खटक्यांनी बदलायचा असतो, ज्यांची किंमत अनुक्रमे १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाते, म्हणून पाच हवे असतील तर पहिला आणि तिसरा खटका वर. हे न करता सोळा बॅटऱ्या जोडल्या की पहिल्या क्रमांकाला हाक मारताच सोळाही जणी एकदम बोलतात, पडताळणीचे बाइट जुळत नाहीत, आणि संगणकाच्या पडद्यावर काहीच येत नाही. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे ए आणि बी या तारांची नावे सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत. दोन तारा उलटसुलट करून पाहणे हा त्यावरचा उपाय आहे आणि त्याने काही जळत नाही.

जळते ते ग्राउंडमुळे, आणि या विषयात सर्वांत जास्त काळजी जर कुठे घ्यायची असेल तर ती इथे. ई-रिक्षातील १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकसर जोडलेल्या आहेत असे समजावे. पहिल्या बॅटरीचे ऋण टोक शून्य व्होल्टवर धरले तर दुसरीचे ऋण टोक १२ वर, तिसरीचे २४ वर आणि चौथीचे ३६ वर असते. आता प्रत्येक बॅटरीवर तिच्याच शक्तीवर चालणारे एकेक मोजणी-यंत्र बसवले आणि त्या चौघांच्या ग्राउंडच्या तारा संगणकाच्या एकाच ग्राउंडला जोडल्या, तर पहिल्या बॅटरीचे ऋण टोक आणि दुसरीचे ऋण टोक एकमेकांना जोडली जातात. पण दुसरीचे ऋण टोक म्हणजेच पहिलीचे धन टोक, आणि अशा रीतीने पहिली बॅटरी संदेशाच्या बारीक तारेतून शॉर्ट होते. चांगली बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर देऊ शकते. तारेचे आवरण वितळते, आणि त्याच वेळी खोलीत चार्जिंगचा हायड्रोजन साठलेला असेल तर प्रकरण तारेपुरते राहत नाही. यावर 'ग्राउंड सोडून द्या, ए आणि बी या दोनच तारा जोडा' असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धवट आहे, कारण आरएस-४८५ ची चिप आपल्या ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढेच सहन करते आणि चौथी बॅटरी तर ३६ व्होल्ट वर बसलेली आहे. संगणक लगेच जळाला नाही म्हणजे जोडणी बरोबर आहे असे नव्हे.

टॉवर आणि दूरध्वनी केंद्रांत आणखी एक पेच असतो. तिथे प्रथेने ४८ व्होल्टच्या संचाचे धन टोक जमिनीला जोडलेले असते. तारांच्या क्षरणाला आळा बसावा म्हणून ही पद्धत फार पूर्वी रूढ झाली. मोजणी-यंत्राचे ग्राउंड मात्र बहुधा बॅटरीच्या ऋण टोकाला असते, आणि तीन पिनांच्या प्लगमुळे संगणकाची पेटी जमिनीला असते. म्हणजे यंत्राची यूएसबी केबल संगणकात खुपसली की ४८ व्होल्टचा संच त्या केबलमधून जमिनीशी शॉर्ट होतो, आणि जोडणाऱ्याने पाठ्यपुस्तकाप्रमाणे काहीही चुकवलेले नसते. रेल्वेचा ११० व्होल्टचा संच याच्या उलट, तो मुद्दाम कुठेच जमिनीला जोडलेला नसतो आणि कुठे गळती होऊन तो जमिनीला लागला तर सूचना देणारे यंत्र तिथे बसवलेले असते. तिथे निष्काळजीपणे जोडलेला एक संगणक स्वतःच ती गळती ठरतो. या सर्वांवरचा खरा इलाज म्हणजे विलगीकरण. ऑप्टोकपलर नावाच्या छोट्या भागात एका बाजूला प्रकाश देणारा डायोड आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर असतो. बिट प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो, वीज जात नाही. असे विलगीकरण प्रत्येक मोजणी-यंत्रात असले पाहिजे, संगणकाच्या बाजूला एकच बसवून एकसर जोडणीत भागत नाही, आणि सेलच्या टर्मिनलवरून निघणाऱ्या प्रत्येक बारीक तारेला टर्मिनलपाशीच छोटा फ्यूज हवा. साधा यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर काही शे रुपयांत मिळतो आणि विलगीकरण असलेला त्याहून महाग पडतो, म्हणून खरेदीत पहिला निवडला जातो.

रेल्वेने दूरवरून पाहण्याची व्यवस्था आपल्यापुरती उभी केलेली आहे. डेटा लॉगर हे यंत्र रिले रूममधील शेकडो रिलेंची स्थिती सतत पाहते, बॅटरी आणि चार्जर यांची व्होल्टेज नोंदते, रिले रूमचे दार उघडले तर तेही वेळेसह टिपते. स्थानकांचे लॉगर मोडेमने एकमेकांना जोडून त्यांच्या नोंदी विभागाच्या मुख्यालयात, अकोला-बडनेरा पट्ट्यासाठी भुसावळला, पोचवल्या जातात. अपघाताच्या चौकशीत या नोंदींना मोठे महत्त्व असते. परंतु डेटा लॉगर मुळात सिग्नलसाठी घडलेला आहे आणि बॅटरीकडे तो सामान्यतः एकूण व्होल्टेजच्या रूपाने पाहतो. वर दाखवलेले १२३.७५ चे गणित त्याच्यापुढेही तसेच उभे राहते. सेलागणिक मोजणी हवी असेल तर ती यंत्रणा वेगळी लागते.

ती उभी केल्यावर पुढचा प्रश्न आकड्यांचा. ५५ सेलांची दर मिनिटाला नोंद घेतली तर दिवसाला ७९,२०० आकडे जमतात आणि ते कोणीही वाचत नाही. फ्लोटवर असताना दहा मिनिटांनी एकदा आणि लाइन गेल्याबरोबर सेकंदासेकंदाला, अशी नोंदीची लय ठेवणे शहाणपणाचे असते. सूचना कधी द्यायची हेही ठरावीक आकड्यावर न ठेवता सेलांच्या आपसातील तुलनेवर ठेवलेले बरे: सगळ्या सेलांची सरासरी काढावी आणि तिच्यापासून, उदाहरणार्थ, ५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त दूर राहणारा सेल दाखवावा. मेचा उकाडा, डिसेंबरची थंडी, चार्जरची सेटिंग यांचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत असल्याने तो सरासरीत विरून जातो आणि ज्याचे दुखणे खरोखर स्वतःचे आहे तोच वेगळा पडतो. हे काम करायला नवा संगणक लागत नाही. जुना किंवा तळहाताएवढा पुरतो, आणि पायथॉन भाषेतील शंभरेक ओळी अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील किंवा बडनेऱ्याच्या राम मेघे संस्थेतील विद्यार्थी सहज लिहू शकतो. त्या संगणकाने झोपू नये, एवढी सेटिंग तपासावी, आणि त्याची वीज त्याच बॅटरी-संचातून घ्यावी. नाहीतर लाइन गेली की आधी पहारेकरीच झोपतो. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर घड्याळ चालवणारा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला आणि संगणक एकदा बंद पडला की सगळ्या नोंदींवर भलत्याच वर्षाची तारीख पडते, आणि ५५ सेलांवर नजर ठेवणाऱ्या या व्यवस्थेत ५६ व्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

टॉवर आणि सौर संचांत आता शिशाची जागा लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्या घेत आहेत. ४८ व्होल्टच्या अशा एका बॅटरीत साधारण ३.२ व्होल्टचे १५ किंवा १६ सेल असतात, त्यांच्यावर आतच नियंत्रक बसवलेला असतो आणि मागच्या बाजूला आरएस-४८५ चे सॉकेट तयार मिळते, त्यामुळे वर सांगितलेली बरीच खटपट वाचते. या बॅटऱ्या एकमेकींना समांतर, म्हणजे धनला धन आणि ऋणला ऋण अशा जोडतात, म्हणून ग्राउंडचा मघाचा पेचही सौम्य होतो. मात्र सॉकेट दिसायला थेट इंटरनेटच्या केबलचे असते आणि त्यातील तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. शिवाय या सेलांचे व्होल्टेज पाऊण भरलेले असताना आणि पाव भरलेले असताना जवळपास सारखेच दिसते. त्यावरून शिल्लक ओळखता येत नाही, आत-बाहेर गेलेल्या प्रवाहाचा हिशेब ठेवावा लागतो आणि तो नियंत्रकच ठेवतो. तो हिशेब कुठल्या खान्यात लिहिलेला आहे याचा तक्ता काही उत्पादक देतात, काही देत नाहीत, आणि न देणाऱ्यांच्या बॅटऱ्या त्यांच्याच सॉफ्टवेअरशी बोलतात. ग्रामपंचायत असो, रुग्णालय असो की सरकारी खाते, निविदेत अँपिअर-तास आणि हमीची वर्षे लिहिली जातात तिथेच 'मॉडबसच्या खान्यांचा संपूर्ण तक्ता पुरवावा' ही एक ओळ घातली, तर पुढील दहा वर्षांची परावलंबिता टळते. ती ओळ घालणारे थोडे आहेत.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्या माथ्यावर विजा पडतात. उघड्यावरून नेलेली लांब संदेशतार ही अशा वेळी विजेला दिलेली वाटच असते. म्हणून डोंगरात आरएस-४८५ बॅटरीच्या खोलीपुरते ठेवावे, दोन्ही टोकांना विजेपासून संरक्षण द्यावे आणि तिथून पुढे माहिती मोबाइलच्या किंवा रेडिओच्या मार्गाने पाठवावी, हे जास्त सुरक्षित. जिथे जाळेच नाही तिथे संगणकात नोंदी साठवून पुढच्या भेटीत त्या उतरवून घेतल्या तरी काम भागते, कारण दुबळा होत चाललेला सेल एका रात्रीत दुबळा होत नाही. त्याची घसरण कित्येक आठवडे आधीपासून आकड्यांत दिसत असते.

व्होल्टेज कितीही बारकाईने मोजले तरी बॅटरीची खरी क्षमता त्यातून पुरती कळत नाही. त्यासाठी ठरावीक भार लावून संच मोजून-मापून उतरवावा लागतो आणि किती तास टिकला हे पाहावे लागते. ही चाचणी करताना सिरियल जोडणीची किंमत कळते, कारण १० तासांच्या चाचणीत दर तासाला ५५ सेल हाताने मोजायला जो माणूस बसवावा लागे त्याचे काम ती करते आणि कोणता सेल १.८ व्होल्टच्या खाली आधी गेला ते मिनिटासह सांगते. असा सेल काढून नवा बसवला जातो. जुन्या ५४ सेलांमध्ये बसलेला हा नवा सेल चार्जिंगला वेगळाच प्रतिसाद देतो, आणि बदलीची तारीख व क्रमांक संगणकात नोंदवला नाही तर सरासरीपासून दूर गेलेला म्हणून संगणक नव्या सेलालाच दोषी ठरवतो.